नोंद नसलेल्यांचा इतिहास : दामोदर कोसंबी आणि आपले दोन तालुके

इतिहास लिहिण्यासाठी साधने लागतात आणि ही साधने बहुतांशी स्थिर समाजांनीच मागे ठेवलेली असतात. ज्याला घर आहे, शेत आहे, देवालय आहे, कचेरी आहे, तो शिलालेख कोरवितो, ताम्रपट देतो, जमाखर्च लिहितो. जो आज या डोंगरावर आणि पावसाळा सरल्यावर त्या डोंगरावर, त्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी लिहून जपण्याची सोय नसते. त्यामुळे जगातील भटक्या पशुपालकांचा इतिहास बहुधा त्यांच्या शेजाऱ्यांनी आणि पुष्कळदा त्यांच्या शत्रूंनी लिहिलेला आढळतो. हूणांचे वर्णन रोमन लेखक करतात, श्युंगनू टोळ्यांची हकिकत चीनच्या दरबारातील इतिहासकार सांगतात. मंगोलांनी आपल्या भाषेत आपल्या उदयाची एक बखर रचली खरी. परंतु त्यांच्या साम्राज्याचा सविस्तर वृत्तान्त आपल्याला मिळतो तो प्रामुख्याने इराणी आणि चिनी पंडितांच्या लेखणीतून.

या अडचणीला विसाव्या शतकातील दोन अभ्यासकांनी दोन अगदी भिन्न मार्गांनी तोंड दिले. एक फ्रेंच, रने ग्रूसे. आणि दुसरे आपल्या गोव्याचे, दामोदर धर्मानंद कोसंबी. दोघांची भेट झाली होती काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा नाही. त्यांच्या लेखनाची तुलना केली असता आपल्या पेडणे व डिचोली या तालुक्यांचा जो भाग इतिहासातून सुटून गेला आहे तो नेमका कोणता, हे ध्यानात येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ग्रूसे यांचा जन्म १८८५चा, मृत्यू १९५२चा. आशियाचा इतिहास तीन खंडांत त्यांनी १९२१-२२च्या सुमारास लिहिला. पुढे पौर्वात्य संस्कृतींवर चार खंड लिहिले, बौद्ध यात्रिकांच्या मार्गांवर ग्रंथ लिहिला, धर्मयुद्धांचा विस्तृत इतिहास लिहिला. पॅरिस येथील आशियाई कलेच्या संग्रहालयांची धुरा त्यांनी वाहिली आणि १९४६ मध्ये ते फ्रेंच अकादमीचे सदस्य झाले. त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र १९३९चे. मध्य आशियातील अथांग गवताळ मैदानांतून निघून चीनपासून हंगेरीपर्यंत धडका मारणाऱ्या टोळ्यांचा सलग इतिहास त्यात आहे. अत्तिला, चंगीझखान व तैमूर हे त्याचे तीन नायक. घोडा, धनुष्य आणि गवत यांच्या बळावर मूठभर पशुपालकांनी सधन कृषिसंस्कृतींना शेकडो वर्षे धाकात ठेवले, आणि तोफ आल्यावर हे पारडे कायमचे फिरले, हे सूत्र ग्रूसे यांनी फार समर्थपणे मांडले.

या स्टेप प्रदेशाशी आपल्या गोव्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो घोड्याचा आहे. मध्य आशियातून आलेल्या घोडदळाच्या युद्धपद्धतीने भारतातील राज्यांची लढण्याची रीतच पालटून टाकली. दख्खनच्या हवापाण्यात युद्धोपयोगी उत्तम घोडा पैदा होत नसे. तो अरबस्तानातून व इराणच्या आखातातून जहाजाने आणावा लागे. बहामनी आणि विजयनगर या दोन्ही सत्तांनी गोव्याच्या बंदरासाठी जो दीर्घ संघर्ष केला त्यामागे मोठे कारण घोड्यांचा हा व्यापार होते. १४७२ मध्ये बहामनींसाठी गोवा जिंकणारा महमूद गावान हा मूळचा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला, व्यापारी म्हणून दख्खनेत आलेला. १५१० मध्ये पोर्तुगीज आले तेव्हा होर्मुझहून येणारे घोडे गोव्यातच उतरले पाहिजेत, हा दंडक आल्बुकेर्कने घालून दिला तो याच व्यापारावर ताबा ठेवण्यासाठी.

दुसरा संबंध डिचोली शहरात प्रत्यक्ष पाहता येतो. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहाजादा अकबर १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास आला आणि १६८३ मध्ये डिचोलीच्या परिसरात त्याचा मुक्काम होता. डिचोलीतील नमाजगाह त्याच्या काळातला, अशी परंपरा आहे. हा अकबर बाबराचा वंशज, म्हणजेच तैमूरच्या कुळातला. समरकंदच्या गवताळ मुलखातून निघालेल्या घराण्याचा एक पुरुष आपल्या बापाच्या भीतीने डिचोलीस राहतो, पोर्तुगीज व मराठे यांच्यातील बोलाचालीत भाग घेतो आणि अखेर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणला निघून जातो. ग्रूसे यांच्या विशाल नकाशाचे एक टोक हे असे आपल्या गावात येऊन टेकते.

तथापि, या नकाशाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. शहाजादा अकबर डिचोलीस किती दिवस राहिला, कोणाशी बोलला, याची चर्चा फारसी, मराठी आणि पोर्तुगीज कागदपत्रांच्या आधारे करता येते. परंतु त्याच दिवसांत डिचोलीभोवतालच्या सड्यांवर म्हशी चारणारा जो माणूस होता त्याचा उल्लेख या तिन्ही भाषांतील कागदांत शोधूनही हाती लागणे दुष्कर. भटका जेव्हा साम्राज्य स्थापतो तेव्हाच तो ग्रूसे यांच्या इतिहासात प्रवेश करतो. जो साम्राज्य स्थापीत नाही, केवळ जनावरे राखतो आणि जगतो, त्याचे काय? हा प्रश्न कोसंबींचा आहे.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने १८९९ मध्ये घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास करीत ते पालीचे जगन्मान्य पंडित झाले. मुलगा १९१८ मध्ये वडिलांबरोबर अमेरिकेस गेला आणि पुढे १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचा पदवीधर झाला. मूळ विषय गणित. बनारस व अलीगढ येथे अध्यापन करून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. त्याच महाविद्यालयात धर्मानंदांनी पूर्वी पाली शिकविली होती. १९४५ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर पुण्यास आणि काम मुंबईस, त्यामुळे 'दख्खनच्या राणी'ने रोजची ये-जा. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणसाठ वर्षांचे होऊ घातले होते.

गणितज्ञ इतिहासाकडे कसा वळला? संख्याशास्त्राची एक पद्धत प्रत्यक्षात वापरून पाहावी म्हणून त्यांनी प्राचीन नाणी तोलण्यास आरंभ केला. नाणे हातोहात फिरले की झिजते आणि त्याचे वजन घटते. तेव्हा एका ठेव्यातील नाण्यांच्या वजनांवरून ती किती काळ चलनात होती याचा अंदाज बांधता येईल, असा त्यांचा तर्क होता. नाणी ज्यांनी पाडली ते राजे कोण, हे पाहण्यासाठी ते ग्रंथांकडे वळले. ग्रंथ वाचण्यासाठी संस्कृतात शिरले आणि भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना म्हणून त्यांनी लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९६२ मध्ये पुराणकथा व वास्तव यांवरील निबंधांचे पुस्तक आले आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीची रूपरेषा आली. राजांची नावे व सनावळी म्हणजे इतिहास नव्हे. लोक अन्न कसे मिळवीत, हत्यारे कोणती वापरीत आणि उत्पादनाची वाटणी कशी होई हे समजले तर इतिहास समजला, हा त्यांच्या सर्व लेखनाचा गाभा आहे.

त्यांची दुसरी विशेषता म्हणजे पायपीट. पुण्याच्या परिसरातील टेकड्या, खिंडी, लेणी आणि वाड्या त्यांनी पायांखाली घातल्या. शेंदूर फासलेला दगड दिसला की तो कोणाचा देव, त्याला नैवेद्य कसला, जत्रा केव्हा आणि मान कोणाचा, हे विचारल्यावाचून ते पुढे जात नसत. अशा भटकंतीत त्यांना अश्मयुगातील बारीक दगडी पाती सापडत गेली. ही पाती विशिष्ट वाटांच्या कडेने पसरलेली आहेत आणि त्या वाटा मेंढपाळ धनगरांच्या वार्षिक फिरस्तीच्या वाटांशी पुष्कळ अंशी जुळतात, हे त्यांच्या लक्षात आले. पावसाळ्यात कोरड्या पूर्वेकडील मुलखात राहावे, पाऊस सरला की कळप घेऊन निघावे, वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवाव्यात, लेंडीखताच्या मोबदल्यात त्याच्याकडून धान्य घ्यावे, हा क्रम तलवार वा फर्मान यांच्यावाचून शतकानुशतके चालत आला. कोसंबींच्या दृष्टीने ही फिरस्ती म्हणजे जिवंत साधन होती. कागदात जे नाही ते वाटेत, दगडात आणि देवात शिल्लक असते, असा त्यांचा विश्वास होता.

देवांचे त्यांचे विवेचन वादग्रस्त असले तरी विचारास चालना देणारे आहे. गुराख्यांचा देव म्हसोबा आणि त्यापूर्वी रानात कंदमुळे गोळा करून जगणाऱ्या लोकांची देवी, यांचे कोठे वैर दिसते तर कोठे लग्न लागते. वैर असेल तेथे देवी महिषासुराला मारते. लग्न असेल तेथे त्याच महिषाचा म्हसोबा होऊन देवीशेजारी बसतो. दोन मानवसमूहांत झगडा झाला की सोयरीक जमली, याची खूण देवकथेत उमटते, असे त्यांचे म्हणणे. पशुपालकांतून राजसत्ता कशी उभी राहते याचे उदाहरणही महाराष्ट्राच्या इतिहासात दूर शोधावे लागत नाही. मल्हारराव होळकर धनगर कुळातले. माळव्यात त्यांनी राज्य उभारले आणि त्या क्षणापासून त्यांचे दप्तर, पत्रव्यवहार व चरित्र सुरू झाले. ज्यांच्यातून ते आले ते धनगर मात्र दप्तराबाहेरच राहिले.

कोसंबींनी गोव्यावर स्वतंत्र लेखन केले ते १९४७ मध्ये, जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर. तिसवाडी, बार्देश व साष्टी या भागांतील गावकऱ्या, गावकरांचे हक्क, खाजन जमिनींचे बांध, उत्पन्नाची वाटणी, यांचा हा अभ्यास आहे. पोर्तुगीजांनी १५२६ मध्येच गावकऱ्यांच्या रूढींची सनद तयार करविली होती, त्यामुळे या भागास लिखित साधनांचा भक्कम आधार होता. नव्या काबिजादींची गोष्ट निराळी. डिचोली व सत्तरी १७८१-८२मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले. येथे मोकासे होते, देसकती होत्या, डोंगरउतारावर कुमेरीची शेती होती आणि माथ्यावर, सड्यांवर, गवळी धनगरांच्या वाड्या होत्या. कोसंबींचा निबंध या तालुक्यांपर्यंत आला नाही. त्यांच्या पद्धतीने पेडणे वा डिचोली पाहण्याचे काम पुढील पिढीवर राहिले आणि ते अद्याप पुरेसे झालेले नाही.

आपले धनगर पुण्याकडील मेंढपाळ धनगरांसारखे नाहीत, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. सह्याद्रीच्या ओल्या, अतिपावसाच्या पट्ट्यात मेंढी टिकत नाही. येथील गवळी धनगर म्हशी व गुरे पाळणारे आहेत. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनी सह्याद्रीतील गवळी धनगरांचा अभ्यास करून १९८२ मध्ये एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. खालच्या खोऱ्यात कुणबी शेती करतो, वरच्या माथ्यावर गवळी जनावरे राखतो. दोघे एकाच डोंगरावर राहूनही एकमेकांच्या वाटेस जात नाहीत आणि दूध, ताक, लोणी व धान्य यांच्या देवघेवीने एकमेकांना धरून असतात, हे त्यांनी दाखवून दिले. जंगल आक्रसले तशी ही व्यवस्था मोडत गेली. जर्मन संशोधक गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या पशुपालक देवतांचा धांडोळा घेताना कोसंबींचीच वाट अधिक सावधपणे आणि धनगरांच्या ओव्या ऐकत चोखाळली.

सावधपणाचा उल्लेख मुद्दाम केला. कोसंबींचे सर्वच निष्कर्ष आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाहीत. दगडी पाती एखाद्या वाटेवर सापडली म्हणून तीच माणसे हजारो वर्षे त्याच वाटेने चालत होती असे सिद्ध होत नाही. मधला काळ भरून काढणारा पुरावा लागतो. एखाद्या देवाच्या लग्नावरून दोन टोळ्यांचे मीलन सिद्ध करणे, हेही धाडसाचे अनुमान आहे. त्यांचा लेखनस्वभाव तिखट होता आणि प्रतिपक्षाला ते क्वचितच सवलत देत. परंतु निष्कर्ष आणि पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष जुने होतात. पुरावा केवळ कागदाचाच मानू नये, हे पद्धतीचे तत्त्व मात्र जुने झालेले नाही.

या तत्त्वाचे महत्त्व विद्यापीठाच्या भिंतींपुरते असते तर या पत्रिकेत त्याचा इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कचेरीत माणूस उभा राहिला की पहिला प्रश्न 'कागद काय आहे?' हा असतो. १९६८च्या भू-महसूल संहितेनंतर गोव्यात जमिनींची मोजणी होऊन एक-चौदाचे उतारे तयार झाले. कब्जेदार, कूळ, पीक, इतर हक्क, असे त्यात रकाने आहेत. सड्यावर चार महिने गुरे बसविणारा आणि मग पाण्याच्या आधाराने दुसरीकडे सरकणारा माणूस कोणत्या रकान्यात लिहावा? मालक म्हणून नाव लागले ते भाटकाराचे, मोकासदाराचे, कोमुनिदादीचे वा सरकारचे. धनगराचे झोपडे पुष्कळदा उताऱ्यावर उमटलेच नाही. यात कोणा एका कर्मचाऱ्याचा दोष होता असे नव्हे. फॉर्मच स्थिर माणसासाठी आखलेला होता.

याचे परिणाम आपल्या डोळ्यांसमोर आहेत. २००३ मध्ये गोव्यातील गावडा, कुणबी व वेळीप या समाजांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. गवळी धनगरांची मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. जमातीची वैशिष्ट्ये, तिचा प्रदेश, तिचे वेगळेपण यांचा पुरावा मागितला जातो आणि तो ग्रंथांतून, गॅझेटियरांतून व जनगणनेच्या अहवालांतून मागितला जातो. म्हणजे पुन्हा ज्यांनी धनगरांकडे ओझरते पाहिले त्यांच्याच लेखणीतून. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर विमानतळाची पायाभरणी २०१६ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या पठारावरील धनगर कुटुंबांना आपली वस्ती सोडून दुसरीकडे जावे लागले. विमानतळ हवा की नको, हा येथे वादाचा विषय नाही. घर आणि भूखंड यांची भरपाई मोजता येते. चराईची वाट, उन्हाळ्यातले पाणवठे, सड्यावरचे देवस्थान यांची किंमत कोणत्या रकान्यात मांडायची, हा प्रश्न मात्र उरतो. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी सडे व डोंगर पोखरले तेव्हाही हाच प्रश्न होता. तो विचारला गेला नाही एवढेच.

अशा स्थितीत एक कायदा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. २००६च्या वनहक्क अधिनियमाने भटक्या व पशुपालक समाजांचा चराईचा आणि ऋतुमानानुसार वनसंपत्ती वापरण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला आहे. अनुसूचित जमातींत समावेश नसलेल्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. येथे कोणीही निराश होईल, कारण १९३०च्या आसपास पेडण्याच्या सड्यावरील धनगराकडे पोर्तुगीज कागद कोठून असणार? परंतु या अधिनियमाखालील २००८च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे ती वाचताना कोसंबींची आठवण होते. सरकारी अभिलेखांबरोबरच झोपड्या, बांध यांसारख्या प्रत्यक्ष खुणा, जुन्या विहिरी, स्मशाने, पवित्र स्थाने, वंशावळ आणि वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले निवेदन, हे सारे पुरावे म्हणून ग्राह्य धरले आहेत. पुण्याच्या टेकड्यांवर एक गणितज्ञ जे साधन म्हणून गोळा करीत हिंडत होता, त्याला संसदेच्या कायद्याने पुराव्याचे स्थान दिले. हा कायदा वनजमिनीपुरता आहे, खासगी वा कोमुनिदादीच्या सड्यांना तो लागू होत नाही, हे खरे. तथापि जेथे लागू होतो तेथेही खुणा कोणी टिपून ठेवल्या नसतील तर त्याचा उपयोग होणार नाही.

म्हणूनच पेडणे-डिचोलीच्या इतिहासाचे काम आज निकडीचे झाले आहे. वयाची ऐंशी ओलांडलेली जी धनगर माणसे आज आहेत त्यांना आजोबांच्या वेळचे मुक्काम, पाणवठे आणि वाटा ठाऊक आहेत. पुढच्या दहा वर्षांत हे ज्ञान सांगणारे कोणी उरणार नाही. सड्यावरचे दगड रस्त्याच्या भरावात जात आहेत. आपल्या तालुक्यांतील शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि साहित्यसंस्था यांना हे काम करणे अवघड नाही. वाडीवर जावे, थोरांना बोलते करावे, ते म्हणतात तेच शब्द लिहून घ्यावेत, स्थळ नकाशावर टिपावे, तारीख घालावी, सांगणाऱ्याची संमती घ्यावी आणि एक प्रत त्या वाडीवरच ठेवावी. निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. कोसंबींच्या उणिवांपासून घ्यावयाचा धडा तो हाच.

कोसंबींच्या नावाने पणजीत विचारांचा महोत्सव भरविला जातो आणि त्यास मोठमोठे वक्ते येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ज्या माणसाने आयुष्यभर दगड, देव आणि वाटा यांना प्रश्न विचारले त्याचे उचित स्मारक सभागृहापेक्षा सड्यावर अधिक शोभेल. ग्रूसे यांच्या ग्रंथातील तैमूरला इतिहासकारांची उणीव कधीच भासली नाही. डिचोलीच्या नमाजगाहाचे रक्षण पुरातत्त्व खाते करील. त्याच्या पाठीमागच्या डोंगरावर गुरे चारणाऱ्याची नोंद ठेवणे हे मात्र आपल्याच वाट्याला आलेले काम आहे.